दोन वितींची पेटी

परभणीच्या दुकानात राजेश्रीनं प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम सगळं एकमेकांशी जुळवून घेतलं. ॲनिमेशनच्या कामाला साधा कॉम्प्युटर पुरणार नव्हता. अडलं ते शेवटी, कॅबिनेटपाशी. वीत लावून तिनं सगळ्यात लहान पेटी उचलली. “ताई, तुमचं ग्राफिक्स कार्ड यात मावणार नाही,” दुकानदार म्हणाला. “मोठी पेटी घ्या, नाहीतर छोटं कार्ड.” तिनं कार्ड परत ठेवलं. दरसाल दिवाळीनंतर मेंढरांमागं त्यांचं बिऱ्हाड निघायचं. घोड्याच्या पाठीवर दोन वितींपेक्षा मोठं काही बसायचं नाही. लहानपणापासून ती प्रत्येक वस्तू त्याच मापानं घेत आली होती. सोबत आलेल्या बापानं कार्ड उचलून तिच्या हातात दिलं. “मोठीच घे.” “घोड्यावर कशी लादायची, आबा?” तो मोठ्या पेटीवरून हात फिरवत राहिला. “घोडं सकाळीच तुझ्या चुलत्याच्या हवाली केलं. आता बिऱ्हाड हालायचं न्हाई.”