गाडीतला उंदीर

चावी फिरवली की स्टार्टर गरगरत होता, इंजिन मात्र पकडत नव्हतं. हात्सुएनं चावी पुन्हा अर्ध्यावर आणून थांबवली आणि कान दिला. मागून पेट्रोलच्या पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी होती. आली नाही.

ती खाली उतरली, गुडघे टेकले, दातांत टॉर्च धरला आणि स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं. पंपाच्या फ्यूजची जागा रिकामी होती. फ्यूज जळतो, हे तिला ठाऊक होतं. उठून चालायला लागलेला फ्यूज तिनं ऐंशी वर्षांच्या आयुष्यात पाहिला नव्हता.

रेडिओचा फ्यूज त्याच रंगाचा होता. तो उपटून तिनं इथे बसवला. गाडी लगेच सुरू झाली. थोडा वेळ आवाज ऐकून तिनं ती बंद केली आणि चाकांभोवती वाढलेलं गवत तुडवत ओसरीवर आली.

छोटा पांढरा ट्रक होता, तिच्या मुलापेक्षा, किमिओपेक्षा थोडासाच तरुण. नवऱ्यानं तो आयुष्यभर चालवला आणि बिघडवला. दुरुस्त मात्र कायम हात्सुएनंच केला. त्याच्या हातात पाना दिला की तो बिचारा पान्याकडेच बघत बसायचा.

"काय झालं होतं, वहिनी?" शेजारचे तात्सुजी कुंपणापलीकडून म्हणाले. ते तिचे भोपळे आपल्या गाडीत चढवत होते. दर आठवड्याला बाजारात तेच नेत.

"उंदीर लागलाय गाडीला."

"मोठा आहे का?"

"पन्नाशीचा आहे. चष्मा लावतो. रविवारी येतो."

तात्सुजी हसले नाहीत. "पोराचं काळीज आहे, वहिनी. त्या अपघातानं घाबरलाय तो."

वसंतात खालच्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं दुकानापुढे ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला होता. पहिलीतलं पोर गेलं. पाठीवरचं पिवळं दप्तर टीव्हीवर दाखवत होते. तिनं तेव्हा हातातला वाडगा तसाच खाली ठेवला होता.

त्याआधी किमिओ मात्सुए शहरातून वर्षातून दोनदा यायचा, नववर्षाला आणि ओबोनला, पितरांच्या सणाला. आता दर रविवारी हजर. येताना आईला आवडतात म्हणून गोड बीनचे लाडू आणायचा, जेवायचा, आणि हात धुऊन येतो म्हणून अंगणात जायचा. चोराच्या मनात चांदणं, निघताना हटकून विचारायचा, "गाडी चालू होते का गं अजून?"

"का नाही होणार?"

"नाही, जुनी झाली म्हणून."

"मीही झालेय. चालू आहे ना?"

पुढच्या रविवारनंतर दिवेसुद्धा लागेनात. बॅटरीची वायर वरून घट्ट दिसत होती, पण खाली पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळलेली सापडली. हात्सुएला राग आला, पण थोडं कौतुकही वाटलं. पोरगं बापावर गेलेलं नव्हतं, थोडं डोकं होतं.

त्याच्या पुढच्या खेपेला त्यानं प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याचं झाकण उघडून आतला फिरणारा रोटरच पळवला. झाकण परत नीट लावून ठेवलं. हात्सुए दुपारभर शोधत होती. तात्सुजींच्या कोठारामागे तसलाच एक ट्रक बांबूच्या बेटात सडत पडला होता. विळ्यानं वाट काढत ती आत शिरली आणि त्याचा रोटर काढून आणला. पोटरी सोलवटली. घासून, पुसून तिनं तो बसवला, तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते.

"एवढा हट्ट कशाला, वहिनी?" तात्सुजी म्हणाले.

"माझ्या अंगणात माझी वस्तू कुणी मोडायची नाही. पोटच्या पोरानंही नाही."

रविवारी किमिओची गाडी चढ चढून आली तेव्हा पांढऱ्या ट्रकचं इंजिन धडधडत होतं. हात्सुए स्टिअरिंगवर हात ठेवून आत बसली होती. बाजूच्या आरशापासून पर्सिमॉनच्या झाडापर्यंत कोळ्यानं विणलेलं जाळं थरथरत होतं.

किमिओचा हात आपसूक कोटाच्या खिशाकडे गेला.

"तिथेच आहे तो," ती म्हणाली. "हा दुसरा."

तो धावत येऊन ट्रकपुढे उभा राहिला. दोन्ही हात पसरले. "आई, बंद कर. उतर खाली."

"पाय तोडायचे होते, तर समोरून यायचं होतंस. उंदरासारखा कुरतडत काय बसलास?"

"मी समोरून आलो असतो तर ऐकलं असतंस?"

"विचारलंस कधी?"

चष्मा काढून त्यानं बाहीला पुसला, पण डोळ्यांवर परत चढवला नाही.

"झोप लागत नाही मला," तो म्हणाला. "फोन वाजला की वाटतं, पोलिसांचा. वाटतं, आईनं कुणाचं तरी पोर..." पुढचं त्याला बोलवेना. तो खडीवर गुडघे टेकून बसला आणि कपाळ जमिनीला लावलं. "मागतो तुझ्याकडे. लायसन्स परत कर. मी येतो तुझ्याबरोबर पोलीस ठाण्यात."

हात्सुएनं चावी फिरवली. अंगण शांत झालं. ती सावकाश उतरली, जाळ्याखालून वाकून निघाली आणि त्याला उठवून त्याच्या गुडघ्यांना लागलेली खडी झटकू लागली.

"ते पोर गेलं ना," ती म्हणाली, "त्याच्या दुसऱ्याच दिवशी देऊन आले. बसनं."