भिंतीवरची थाप

"मावशी, तू आमच्या शेजारी राहायला येशील का?" हे तोंडावर विचारायची मैत्रिणींनी पैज लावली होती. मी बिनधास्त विचारलं.

म्हणूनच आज मेघनामावशी बदलापूरहून आमच्या चाळीतली जिन्यालगतची रिकामी खोली बघायला आली होती. मी तिला आधी अख्खं लालबाग फिरवलं, मसाला कुटणाऱ्या डंकांपासून मूर्तींच्या कारखान्यापर्यंत. आता त्या खोलीत उभी राहून मी ऐटीत म्हणाले, "आमच्याकडे बेल लागत नाही. भिंतीवर थाप मारायची, की शेजारी हजर!"

पलीकडे आमचंच घर. मी थाप मारून ओरडले, "आई, चहा टाक गं!"

लगेच उलटी थाप आली. मग कपबश्यांचा आवाज.

मावशी विरघळलीच. "आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारी कोण राहतं तेही माहीत नाही. ठरलं, घेतली खोली!"

आम्ही गॅलरीत आलो, तर आई-बाबा भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत होते. आमच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

बाबांनी किल्ली काढली. तेवढ्यात पुन्हा थाप आली. आता ती दारावर होती, आतून.

"आई, बाबा, कुलूप काढू नका," मी म्हणाले. "मावशी दुसरी खोली बघेल. आजपासून या रिकाम्या खोलीत आपण राहायचं."