मिटल्या डोळ्यांची नक्कल

"ही शुद्ध नक्कल आहे!" प्रदर्शनाला आलेल्या सगळ्यांसमोर परीक्षक दातीर सरांनी मोबाइल नाचवला. त्यावर मेक्सिकोतल्या कुणीतरी नशेची अळंबी खाऊन काढलेलं चित्र होतं. वृंदाच्या चित्रातही तीच जाळी, तोच भोवरा.

वृंदाचा चेहरा उतरला. अर्धशिशी उठली की तिला हेच दिसायचं, पण लोकांना पटवणार कसं? एकदम काहीतरी सुचून ती म्हणाली, "सर, डोळे मिटून तळव्यांनी हलके दाबा बघू."

कुरकुरतच सरांनी डोळे दाबले. जरा वेळानं पुटपुटले, "अरेच्चा! जाळी... फिरतेय की!"

"मेंदूची वीण सगळ्यांची सारखीच, सर. नशेनं हलो की अर्धशिशीनं, दिसतं हेच." वृंदा आता खळखळून हसत होती. "सांगा ना, तुम्ही कुणाची नक्कल केलीत?"