डावीकडून दुसरी खिडकी

सकाळचे अकरा वाजले होते आणि टॅम्झिनच्या खोलीत दिवा लावलेला होता. त्याच्या उजेडात मिस्टर ऑर्मरॉड भिंत मोजत होते. पायात नुसते मोजे. बूट त्यांनी खाली हॅथरली हॉल या जुन्या वाड्याच्या दारातच काढले होते, कारण तिथली फरशी तीनशे वर्षांची होती आणि असल्या जुन्या घरांना कुणी धक्का लावत नाही ना, हे बघणं हीच त्यांची सरकारी नोकरी होती.

टॅम्झिन पलंगावर बसली, उठली, पुन्हा बसली.

"सोळा वर्षांची घोडी झालीस, बुडाला मुंग्या लागल्यात का?" म्हणत तिची आई ग्वेन चहाचा ट्रे घेऊन आत आली. ग्वेन या हॉलची हाउसकीपर. पगाराबरोबर तिला वरच्या मजल्यावरच्या या दोन खोल्या राहायला मिळाल्या होत्या. "आल्याचं बिस्किट घ्या ना, मिस्टर ऑर्मरॉड. आज हवा बरी आहे."

"बरी आहे. दुपारनंतर बिघडेल म्हणतात."

हवेचं बोलून झालं, बिस्किट खाऊन झालं. आता त्यांचा नकार ऐकायचाच उरला होता.

समोरच्या हिरवळीवरून पाहिलं तर हॉलच्या वरच्या रांगेत अकरा खिडक्या मोजता येतात. डावीकडून दुसरी टॅम्झिनची. तिला चौकट आहे, काचा आहेत, फक्त काचांना आतून काळा रंग फासलाय आणि त्यामागे विटा रचल्यात. पूर्वी खिडक्यांवर कर होता तेव्हा लोक त्या अशा बुजवून टाकायचे. काहीजण तर घराच्या दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून पहिल्यापासून खोटीच खिडकी बसवायचे. ही त्यातली कुठली, कुणालाच माहीत नव्हतं. कुणाचं काही अडलंही नव्हतं. पण गेल्या महिन्यात घरं तपासणाऱ्या बाई आल्या आणि लिहून गेल्या की बिनखिडकीच्या खोलीत कुणी झोपायचं नाही. खिडकी उघडा, नाहीतर मुलीची दुसरीकडे सोय करा. दुसरीकडे म्हणजे हल शहरात, मावशीकडे. नवी शाळा, मावशीचे तीन कुत्रे, आणि आई इथे एकटी.

"इंटरेस्टिंग," मिस्टर ऑर्मरॉड म्हणाले. "फार इंटरेस्टिंग."

ग्वेनचा चेहरा उतरला; या शब्दापाठोपाठ 'हात लावू नका' येतं, हे तिला ठाऊक होतं.

"करासाठी बुजवलेली असती तर उघडायची परवानगी देता आली असती. पण मुळातच खोटी असेल तर ती खोटीच राहायला हवी. तो या घराचा हक्क आहे."

"घराचा हक्क," टॅम्झिन म्हणाली. "इथे झोपतं कोण? घर?"

"टॅम."

"मग ओळखायचं कसं?" ग्वेनने विचारलं.

"एक वीट काढून आत बघायचं. त्यासाठी वेगळा अर्ज. पाचेक महिने लागतील."

"शाळा चार आठवड्यांत सुरू होतेय."

"माहीत आहे." त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याचाच टॅम्झिनला जास्त राग आला. तिचा पाय फरशीवर टकटक वाजत होता.

"आणि आत बघितलं की कळतं?" ग्वेनने विचारलं.

"लगेच. खोट्या खिडकीला सुतार चौकट करतो, काचा लावतो, सगळं करतो. बाजूची दोरी तेवढी लावत नाही. खिडकी वर सरकवायची असते ना, ती दोरी. जी कधी उघडायचीच नाही तिला दोरी कशाला?"

टॅम्झिनचा पाय थांबला.

तीन शनिवारांपूर्वी, आई खाली पाहुण्यांना हॉल दाखवत असताना, तिने कपाटामागची एक वीट काढली होती. अशा घरात विचारल्याशिवाय साधा खिळा ठोकला तरी तो गुन्हा धरतात, आणि नोटीस येते ती हाउसकीपरच्या नावावर. वीट परत बसवली, कपाट सरकवलं. तेव्हापासून तिला कुठेच धड बसवत नव्हतं.

मिस्टर ऑर्मरॉडनी टेप गुंडाळली. "पुरावा नाही, असं लिहितो. पुढचं पुढे."

"दोरी आहे," टॅम्झिन म्हणाली.

ग्वेनच्या हातातला चमचा बशीवर पडला.

"डाव्या बाजूला. आणि नुसती आहे असं नाही. चौकटीतल्या चाकावरून जाते तिथे झिजलीये."

मग ग्वेन घाईघाईने म्हणाली, "वीट मी काढली."

"आई, तुला ते कपाट जागचं हलत नाही."

मिस्टर ऑर्मरॉडनी कपाट स्वतःच सरकवलं. गुडघे टेकून त्यांनी ती वीट दोन्ही हातांनी, झोपलेलं मांजर उचलावं तशी बाहेर काढली.

"कशाने काढलीस?"

"लोण्याच्या सुरीने. तीन तास लागले."

"चुना नीट खरवडलायस," ते म्हणाले, आणि लगेच, हे बोलायला नको होतं असा चेहरा करून भोकाला डोळा लावला. बराच वेळ ते तसेच होते. त्यांच्या मोज्याला टाचेवर भोक पडलं होतं. उठले तेव्हा भुवईवर विटेची लाल धूळ होती.

"मला दोन्ही लिहावं लागेल," ते म्हणाले. "खिडकी खरी आहे, हे. आणि भिंतीला कुणीतरी हात लावलाय, हेही."

"आधी काय लिहिणार?" टॅम्झिनने विचारलं.

काचेवरचा काळा रंग एके ठिकाणी तडकला होता. तिथून आणि मग विटेच्या भोकातून उजेडाची एक बारीक तिरीप खोलीत आली होती. मिस्टर ऑर्मरॉडनी हात लांबवून दिवा मालवला, स्टूल भिंतीशी ओढलं, वही त्या तिरिपेखाली धरली आणि पेनाचं टोपण काढलं.