गुरुवारची बारा डोकी

"अकरा," चिटणीस मुलगी दारातूनच म्हणाली. "काकांना धरून."

"परत मोज," अध्यक्ष म्हणाला.

"मोजून डोकी वाढतात होय रे?"

विद्यापीठाच्या संगणक मंडळाचा तो महिन्यातला शेवटचा गुरुवार. नियम सरळ होता. कार्यक्रमाला किमान बारा माणसं हवीत, नाहीतर खोली काढून घेणार. महिनाभरात कधीतरी तपासनीस न सांगता येऊन मोजून जाणार होता. अजून तो कोणाला दिसला नव्हता. खोली गेली की भाषणं गेली, नंतरचे खेळ गेले, चहा गेला. मंडळच गेलं.

"एका खुर्चीवर कोट टाकून ठेवू," अध्यक्ष म्हणाला.

"त्याला टोपीपण घाल. आणि प्रश्न विचारायला शिकव."

शेवटच्या रांगेत बसलेले काका हसले. पहिल्या गुरुवारी ते दारातच ओठ हलवत उभे होते. बुजलेत असं वाटून मुलीने त्यांना हाताला धरून आत बसवलं, चहा दिला. तेव्हापासून त्यांनी एकही गुरुवार चुकवला नव्हता. त्यांची बायको मागच्या वर्षी वारली, एवढंच मंडळाला ठाऊक होतं.

त्या दिवशी भाषण बॅकअपवर होतं. प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी ठेवा, असं वक्ता बजावत होता.

"आमच्याकडे सगळं एकाच ठिकाणी होतं," काका म्हणाले. "किल्ल्या, औषधं, लोकांचे वाढदिवस. हिच्या डोक्यात."

सगळे मागे वळले. मग काकाच म्हणाले, "चालू द्या, चालू द्या."

चहाच्या वेळी त्यांनी मुलीला विचारलं, "तोंड का उतरलंय?"

"बारा हवेत काका, आणि आम्ही अकरा. आज तपासनीस आला तर संपलं."

"तोही माणूसच असेल की."

"कसला माणूस! नाटकवाल्यांची खोली एका डोक्यासाठी काढून घेतली त्याने. खडूस आहे मेला."

काकांना ठसका लागला. "असेल, असेल."

निघताना ते थबकले. "पोरी, गुरुवारी आम्ही दोघं फिरायला जायचो. ती गेली आणि गुरुवार खायला उठायला लागला. तुम्ही मला कोण, कुठला हेसुद्धा न विचारता बसवून घेतलंत. इथलं सगळं घरी जाऊन हिच्या फोटोला सांगतो. फार उपकार झाले तुमचे."

"उपकार कसले, काका! भाषणात डुलक्या न काढणारे तुम्ही एकटेच."

सोमवारी कार्यालयातून पाकीट आलं. मुलीने ते उभ्या-उभ्याच फोडलं. खोली वर्षभरासाठी मंजूर झाली होती. तिचा विश्वास बसेना. मागे तपासनीसाने स्वतःच्या हाताने लिहिलेली उपस्थितांची यादी जोडली होती. पहिली दहा नावं बरोबर होती. मग तिने शेवटच्या दोन ओळी वाचल्या.

"अकरा : मी स्वतः, तपासनीस. शेवटची रांग.

बारा : माझ्या शेजारी, आमच्या सौ."