चि. आणि कै.

गोळीबाराचा अंदाज आता हवामानासारखा रोज यायचा. उद्या साडेदहा, अमुक शाळा, अकरा मुलं. शिवाय बंदूकवाल्याचं नाव आणि पत्ता. मंत्र्यांचे शोकसंदेश लिहिणाऱ्या सुलभा धारपांनी उद्याचा मसुदा मंत्रिसाहेबांसमोर ठेवला.

"मुलांच्या नावांआधी चि. काय लिहिलंत? कै. करा," साहेब चहात बिस्किट बुडवत खेकसले.

"मुलं जिवंत आहेत अजून. त्याची बंदूक काढून घेतली तर?"

"गुन्ह्याआधीच? परवाना आहे त्याच्याकडे. हक्क आहे तो!"

"निदान शाळेला सुट्टी?"

"लोक उगाच घाबरतील."

जागेवर येऊन सुलभाताईंनी एकच दुरुस्ती केली. अकरा नावांआधीचं चि. तसंच ठेवलं, खाली साहेबांच्या नावाआधी कै. लावलं आणि पत्रक आजच सगळ्या वर्तमानपत्रांना धाडून दिलं.