आईच्या वांग्याचं बी

रूपालीने सूप मांडीवर घेतलं आणि गिलक्याचं बी निवडायला लागली. काळं, टपोरं ते ठेवायचं, पोचट ते फुंकरीने उडवायचं. वालाचं झालं होतं, गावरान धण्यांचं झालं होतं, झेंडूची वाळकी फुलं चुरून पुडीत बांधून झाली होती. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या तिच्या घरामागे परसबाग ती केवढी, दोन खाटा मावतील एवढी. पण बी मात्र सगळं घरचं, जुनं. बाजारच्या पाकिटातला एक दाणा तिने कुंपणाच्या आत येऊ दिला नव्हता.

राहिली होती वांग्याच्या बियांची डबी. ती तिने उघडलीच नाही.

"वांग्याचं नाही निवडत?" शेजारच्या दिपमालाने विचारलं.

"काय निवडू, कपाळ?" रूपाली म्हणाली. "गेल्या वर्षी पाहिलंस ना, काय निघालं ते."

पाहिलं होतं. साऱ्या गल्लीने पाहिलं होतं. वर्षानुवर्षं त्या वाफ्यात भरताची वांगी यायची, हिरवीगार, पांढऱ्या रेघांची, नारळाएवढी. आणि गेल्या पावसाळ्यात? एका झाडाला जांभळी, दुसऱ्याला लांबोडकी, तिसऱ्याला नुसते काटेच काटे. भाजून पाहिली तर कडूजहर.

हे बी रूपालीच्या आईचं, पारोळ्याच्या मळ्यातलं. आई गेली तेव्हा भावांनी शेत वाटून घेतलं, वहिन्यांनी भांडी. रूपालीने फडताळातली बियांची पुरचुंडी तेवढी कमरेला खोचली आणि निघाली. पहिल्या वर्षीचं वांगं तिने कपाशीच्या काड्यांवर भाजलं, भरीत केलं, आणि पहिल्याच घासाला तिला हुंदका फुटला.

"अगदी आईच्या हातचं लागतंय हो," ती नवऱ्याला, नवीनला, म्हणाली.

नवीन मान खाली घालून जेवत राहिला.

तो तसा घुमाच. शेतीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण वांग्याच्या रोपांची उठाठेव त्याने आपल्याकडे घेतलेली. "तू पेर, पुढचं माझं. वाफ्याकडे फिरकू नको," म्हणायचा. रूपाली चिडायची. माझ्या आईची आठवण, आणि मलाच हात लावू देत नाही! तो नुसता हसायचा. त्या हसण्याचा तिला भारी राग यायचा. आता राग करायलाही माणूस उरला नव्हता. गेल्या वर्षी चैत्रात छातीत कळ येऊन नवीन गेला, आणि त्याच पावसाळ्यात वांगी बिघडली.

यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी गेली तेव्हा तिने प्रमिलाकाकूला विचारलं, जुन्या वांग्याचं बी कोणाकडे आहे का.

"बी कोठे ऱ्हायनं आते? बठ्ठा वावरमा कापूसच शे," कपाशीच्या शेतांकडे हात करत काकू म्हणाली. मग तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहत हळूच बोलली, "बी माणूसना हात वळखस, माय. तुना हात आते सुना शे."

बी माणसाचा हात ओळखतं, आणि आपला हात आता सुना! पारोळ्यापासून जळगावपर्यंत बसमध्ये रूपाली आपल्या हातांकडे पाहत बसली. तिला फार वाईट वाटत होतं. आईने जन्मभर जपलं ते आपल्या हाताने गेलं. नवरा गेला तेव्हा निदान दोष आपला नव्हता.

"चल, ऊठ," दिपमालाने सूप बाजूला सारलं. "कॉलनीच्या पुढे रोपवाटिका आहे. विचारून तर बघू, असलं एखादं गावरान तर."

"तिथे? सगळं हायब्रीड विकतो तो मेला! एवढ्या वर्षांत पायरी नाही चढले मी त्याची."

"गरजवंताला अक्कल नसते, बाई. बस मागे."

स्कूटर थांबली तेव्हा रोपवाटिकेचा मालक कुंदन मिरचीच्या रोपांना पाणी मारत होता. रूपालीने मोबाइलमधला फोटो काढून समोर धरला. वाफ्यात नवीन उभा होता, ओंजळीत भलंथोरलं वांगं.

"दादा, या जातीचं बी मिळेल का? गावरान आहे. आमच्याकडचं बिघडलं."

कुंदनने हात पुसले, फोटो मोठा केला आणि वांग्याऐवजी माणसाकडे पाहून खुलला.

"अरे, हे तर आपले नवीनभाऊ! तुम्ही कोण त्यांच्या?" त्याची नजर तिच्या कपाळावरून, रिकाम्या गळ्यावरून फिरली. "बहीण का?"

दिपमालाने तोंड उघडलं. नवीन इथे यायचा हे रूपालीला ठाऊकच नव्हतं; तिने दिपमालाचं मनगट दाबलं.

"हो. बहीण," रूपाली म्हणाली. "तुम्ही कसे ओळखता त्याला?"

"म्हणजे काय! दर पावसाळ्याचं ठरलेलं गिऱ्हाईक. गेल्या साली मात्र आलेच नाहीत. बरे आहेत ना?"

"बरा आहे," रूपाली म्हणाली.

"मग तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही त्यांनी." कुंदनने फोन परत दिला. "ताई, हे गावरान नाही, आमचं हायब्रीड आहे. याचं बी धरलं की पुढच्या साली भलतंच निघतं, म्हणून तर दर साल नवी रोपं न्यायचे. वहिनी उठायच्या आत त्यांची रोपं उपटून ही लावायचे." तो हसला. "वहिनींच्या आईचं बी पहिल्याच वर्षी उगवलं नव्हतं हो. मला म्हणाले, तिला कधी कळू देऊ नको, तिची आई पुन्हा मरेल."